धागा: चहावरचा कर की समित्या? अमेरिकेतल्या वसाहतींची गाऱ्हाणी क्रांतीपर्यंत कशी पोहोचली (१७६३ ते १७७६)

गोदाकाठ

शाळेच्या पुस्तकात ही क्रांती चार ओळींत उरकतात. इंग्रजांनी चहावर कर लावला, लोकांनी चहा समुद्रात फेकला, युद्ध पेटलं. यातली पहिलीच ओळ दिशाभूल करते. १७७३ च्या चहा कायद्याने वसाहतींवर नवा कर लावलाच नाही, उलट त्या कायद्यामुळे चहा स्वस्त मिळणार होता. मग स्वस्त चहा बुडवला का?

माझं म्हणणं असं की कर किती होता, एवढ्यावरून ही क्रांती समजत नाही. गाऱ्हाणी बहुतेक साम्राज्यांत असतात. इथे वेगळं घडलं ते हे, की दर गाऱ्हाण्यापाठी लोकांनी एक समिती उभी केली, आणि दहा वर्षांत त्या समित्या सरकारची कामं करायला लागल्या. ही साखळी सगळ्यांनी मिळून कडी-कडी करत लावावी म्हणून धागा काढतेय.

पहिली कडी माझी. ब्रिटन आणि फ्रान्समधलं सप्तवार्षिक युद्ध फेब्रुवारी १७६३ मध्ये संपलं. ब्रिटनवरचं सरकारी कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं, ते तेरा कोटींच्या घरात गेलं. त्यात अमेरिकेत सुमारे १०,००० फौज कायम ठेवायचं ठरलं, तिचा वर्षाचा खर्च दोन लाख पौंडांच्या वर. यातला काही भाग वसाहतींनी उचलावा, असं पंतप्रधान ग्रेनव्हिल यांनी ठरवलं.

सुरुवात काकवीपासून झाली. न्यू इंग्लंडमधल्या भट्ट्या फ्रेंच बेटांवरच्या काकवीपासून रम गाळत. १७३३ च्या कायद्याने परदेशी काकवीवर गॅलनमागे ६ पेन्स जकात होती, पण ती भरत कोण होतं? अधिकाऱ्याच्या हातावर थोडंफार टेकवलं की पिंपं उतरत. १७६४ मध्ये जकात ३ पेन्सवर आणली आणि वसुली मात्र खरोखर सुरू केली. माल जप्त झाला तर तो कायदेशीर आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. खटला कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या नौदल न्यायालयात नेता येई, आणि तिथे ज्यूरी नाही. जप्तीच्या रकमेत गव्हर्नरचा वाटा, पकडून देणाऱ्याचाही वाटा. त्यामुळे दर निम्मा होऊनही ओरड वाढली. तक्रार पैशाइतकीच न्यायाच्या पद्धतीची होती, आणि ही गोष्ट पुढे प्रत्येक टप्प्यावर दिसते.

जमाखर्च

चांगला धागा. मुद्रांक कायद्याची कडी मी जोडतो, कारण तो नेमका चालायचा कसा हे फारसं सांगितलं जात नाही.

कायदा २२ मार्च १७६५ ला मंजूर झाला, लागू १ नोव्हेंबरपासून. आपल्याकडच्या तिकिटासारखं वरून चिकटवायचं प्रकरण बहुतांशी नव्हतं. कागदावर लंडनमध्येच ठसा उठवायचा, ते गठ्ठे जहाजाने अमेरिकेत पाठवायचे, आणि छापखाना, कोर्ट, बंदर अशा सर्व ठिकाणी तोच कागद विकत घेऊन वापरायचा. दर बघा:

पत्त्यांचा जोड १ शिलिंग. सोंगट्यांच्या फाशांचा जोड १० शिलिंग. वर्तमानपत्रातली प्रत्येक जाहिरात २ शिलिंग. महाविद्यालयाची पदवी २ पौंड. वकिलीची सनद १० पौंड.

वर हे पैसे ब्रिटिश चलनात भरायचे. आदल्याच वर्षी, १७६४ मध्ये, वसाहतींच्या कागदी नोटा कर्जफेडीत सक्तीने स्वीकारायला लावू नयेत असा कायदा झाला होता. रोकड आधीच आटलेली. अपेक्षित उत्पन्न साधारण ६०,००० पौंड, म्हणजे साम्राज्याच्या हिशेबात किरकोळ. पण फटका कोणाला बसला ते पाहा: वकील, छापखानेवाले, व्यापारी, खानावळवाले. जनमत घडवणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी एकाच कायद्याने डिवचलं. राजकीयदृष्ट्या याहून वाईट निवड करणं अवघड होतं.

कायद्याचा कच्चा दुवा म्हणजे मुद्रांक वाटणारा अधिकारी. एका वसाहतीला असा एक माणूस. त्याने राजीनामा दिला की ठशाचा कागद गोदामात पडून. १४ ऑगस्ट १७६५ ला बोस्टनमध्ये अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा एका एल्मच्या झाडाला टांगला, संध्याकाळी त्यांची कचेरी पाडली, आणि त्यांनी पद सोडायचं कबूल केलं. हाच प्रयोग वसाहतीमागून वसाहतीत झाला. नोव्हेंबर उजाडला तेव्हा जॉर्जिया सोडून कुठेही कागद वाटायला माणूस उरला नव्हता. बंदरांत पंचाईत झाली. मुद्रांकाशिवाय जहाजाला परवाना देता येत नाही, आणि जहाजं अडकली तर खलाशी रिकामे बसून दंगा करणार. अखेर जकात अधिकाऱ्यांनी 'मुद्रांक उपलब्ध नाहीत' असा शेरा मारून जहाजं सोडायला सुरुवात केली. कायदा रद्द व्हायच्या आधीच असा निकामी झाला.

शिवार

एक मूलभूत शंका. 'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' ही त्यांची घोषणा. मग पार्लमेंटमध्ये वसाहतींना वीस-पंचवीस जागा देऊन टाकल्या असत्या तर वाद मिटला नसता का?

मोडीवाचक

शिवार, शंका रास्त आहे. पण वसाहतींना त्या जागा नकोच होत्या. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे २७ प्रतिनिधी जमले. त्यांच्या ठरावांत स्पष्ट म्हटलंय की आमचं प्रतिनिधित्व कॉमन्समध्ये (पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहात) नाही आणि परिस्थिती पाहता तिथे होऊही शकत नाही. तीन हजार मैलांवर मूठभर जागा घेतल्या असत्या तर प्रत्येक मतदानात हरायचं, आणि वर 'तुमचं प्रतिनिधित्व झालं' हे ऐकून घ्यायचं.

लंडनचा युक्तिवाद वेगळा होता. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा खासदार नाही, तरी पार्लमेंट साऱ्या साम्राज्याचं हित पाहतं, तसंच तुमचंही. वसाहतींना हे पटणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या विधानसभांत दीडशे वर्षांची सवय मुरलेली होती. कर विधानसभा लावणार, आणि बहुतेक ठिकाणी गव्हर्नरचा पगारही तीच मंजूर करणार. गव्हर्नर राजाने नेमलेला, पण त्याच्या पगाराची थैली विधानसभेच्या हातात. या एका दोरीवर अख्खा तोल सांभाळला जात होता. पुढे ब्रिटनचे अर्थमंत्री टाउनशेंड यांनी हीच दोरी कापायला घेतली.

मुद्रांक कायदा १८ मार्च १७६६ ला रद्द झाला. मोठं कारण ब्रिटनच्याच व्यापाऱ्यांचे अर्ज. माल उठत नव्हता. पण त्याच दिवशी दुसरा कायदा झाला, की पार्लमेंटला वसाहतींवर 'कोणत्याही बाबतीत' बंधनकारक कायदे करायचा अधिकार आहे. अमेरिकेत लोकांनी दिवे लावले, मेजवान्या केल्या, आणि या दुसऱ्या कागदाकडे फार थोड्यांनी नीट पाहिलं.

जमाखर्च

आता १७६७. टाउनशेंड यांनी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर जकात लावली. चहावर रतलामागे ३ पेन्स. हे पैसे कशासाठी, तर गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार थेट देण्यासाठी. मोडीवाचक यांनी सांगितलेली दोरी ती हीच.

उत्तर होतं आयातबंदीचा करार. व्यापाऱ्यांनी सही करायची, अमुक तारखेपासून ब्रिटिश माल मागवायचा नाही. तपासणीला समिती, आणि मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात. घराघरांत चरखे सुरू झाले, हातकताईचं कापड घालणं ही देशाभिमानाची खूण झाली. न्यूयॉर्कची ब्रिटनकडून आयात १७६८ मध्ये सुमारे ४ लाख ८३ हजार पौंडांची होती, ती १७६९ मध्ये ७५ हजारांवर आली.

तरीही १७७० मध्ये हा बहिष्कार कोसळला. का कोसळला हे नीट समजून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दर बंदराचा करार वेगळा, तारखा वेगळ्या, वगळलेल्या वस्तूंच्या याद्या वेगळ्या. बोस्टनचा माल थांबला की ऱ्होड आयलंडचा व्यापारी तो विकून घेई. राबवणारे स्वतः व्यापारीच, म्हणजे ज्याच्या गोदामात जुना साठा भरपूर त्याला बंदी हवी आणि ज्याचा साठा संपला त्याला नको. एप्रिल १७७० मध्ये पार्लमेंटने चहा सोडून बाकी जकाती काढल्या आणि एकी लगेच फुटली. जुलैत न्यूयॉर्क बाहेर पडलं, ऑक्टोबरपर्यंत बोस्टनही. चार वर्षांनी यातली प्रत्येक चूक दुरुस्त केलेली दिसते, त्यावर पुढे कोणी लिहिलं नाही तर मीच लिहीन.

ताम्रपट

थोडा विरोधी सूर लावतो. समित्या, तत्त्वं हे सगळं ठीक, पण यात चोरट्या व्यापाराचे हितसंबंध केवढे होते! अमेरिकेत प्यायला जाणारा बराचसा चहा डच मार्गाने चोरून येई. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त झाला असता तर या लोकांचा धंदा बसला असता. बोस्टनचे व्यापारी जॉन हॅनकॉक यांचं 'लिबर्टी' जहाज जून १७६८ मध्ये जप्त झालं ते जकातीच्या प्रकरणातच.

गोदाकाठ

ताम्रपट, हितसंबंध होतेच, ते नाकारत नाही. पण चोरटा व्यापार चार बंदरांत चालतो, आणि १७७४ मध्ये उठला तो मॅसॅच्युसेट्सच्या आतल्या भागातला शेतकरी. त्याचा चहाच्या नफ्याशी काही संबंध नव्हता. तो का उठला हे सांगितल्याशिवाय कथा पुरी होत नाही.

त्याआधी एक कडी सुटतेय. बोस्टनमध्ये फौज उतरली १ ऑक्टोबर १७६८ ला, जेमतेम १६,००० वस्तीच्या गावात. ५ मार्च १७७० च्या गोळीबारात पाच जण गेले. पण खटला रीतसर चालला, जॉन अ‍ॅडम्स यांनी सैनिकांचं वकीलपत्र घेतलं, कॅप्टन निर्दोष सुटला, आठपैकी सहा सैनिक सुटले. त्यानंतर वातावरण शांत झालं, भडकलं नाही. म्हणजे रक्त सांडलं की क्रांती होतेच असं नाही. २ नोव्हेंबर १७७२ ला सॅम्युअल अ‍ॅडम्स यांच्या पुढाकाराने बोस्टनच्या गावसभेने २१ जणांची पत्रव्यवहार समिती नेमली, ही मला गोळीबारापेक्षा मोठी घटना वाटते. निमित्त अगदी रुक्ष: न्यायाधीशांचे पगार राजाच्या तिजोरीतून. समितीने हक्कांची आणि गाऱ्हाण्यांची यादी छापून गावोगाव धाडली आणि तुमचं मत कळवा म्हटलं. मॅसॅच्युसेट्सच्या निम्म्याहून जास्त गावांनी सभा घेऊन उत्तरं पाठवली. मार्च १७७३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेने हेच वसाहती-वसाहतींमध्ये सुरू केलं. पहिल्या बहिष्कारात नसलेली जोडणी ती हीच.

दर्यावर्दी

चहाच्या रात्रीबद्दल लिहितो. त्यात बंदराचा कायदा फार महत्त्वाचा आहे.

मे १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधला कर परत मिळणार होता आणि लंडनच्या लिलावाला वगळून माल थेट अमेरिकेतल्या निवडक अडत्यांकडे पाठवता येणार होता. ३ पेन्सांची टाउनशेंड जकात मात्र कायम. म्हणजे स्वस्त चहा घेतला की पार्लमेंटचा कर मुकाट मान्य केल्यासारखं, आणि अडते सोडून बाकी व्यापारी बाहेर.

'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबरला बोस्टनला लागलं. नियम असा की बंदरात आल्यापासून २० दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त. मुदत १७ डिसेंबरला संपत होती. माल जप्त झाला असता तर जकात खात्याने तो उतरवून विकला असता आणि कर वसूल झाला असता. जहाज परत न्यावं तर परवाना हवा, आणि गव्हर्नर हचिन्सन जकात भरल्याशिवाय तो देईनात. सगळी दारं बंद. १६ डिसेंबरला जहाजमालक शेवटचा नकार घेऊन आला आणि त्याच रात्री ग्रिफिनच्या धक्क्यावर तीन जहाजांवरच्या ३४० च्या वर पेट्या फोडल्या गेल्या. सुमारे ९२,००० रतल चहा, किंमत ९,६५९ पौंड. पेटी कप्पीने वर ओढायची, कुऱ्हाडीने फोडायची, चहा कठड्यावरून खाली. ओहोटी होती, पाणी उथळ, त्यामुळे चहाचे ढीग साचून राहिले आणि ते पसरवावे लागले. जहाजावरच्या दुसऱ्या मालाला हात लावला नाही.

फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमधून चहाची जहाजं तशीच परत गेली. चार्ल्सटनला चहा उतरवून गोदामात कोंडला. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने अडून धरलं म्हणून तिथेच हे घडलं.

शिवार

हा चहा आसामचा होता ना?

दर्यावर्दी

नाही, सगळा चिनी. बोही हा काळा चहा सर्वांत जास्त, २४० पेट्या. शिवाय सिंग्लो आणि हायसन हे हिरवे चहा. आसाममध्ये चहाची लागवड १८३० च्या दशकातली.

मोडीवाचक

भारताशी खरा संबंध कंपनीच्या दिवाळखोरीत आहे. १७६९-७० चा बंगालचा भीषण दुष्काळ, मग १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्यांवरचं अरिष्ट. कंपनीच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख रतल चहा पडून होता. तिला वाचवायला १७७३ मध्ये जे उपाय झाले त्यात १४ लाख पौंडांचं कर्ज, चहा कायदा आणि रेग्युलेटिंग ॲक्ट हे तिन्ही आले. चहा बोस्टनला गेला, आणि रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई इलाखा कलकत्त्याच्या देखरेखीखाली आला. मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह परस्पर केला, तो कलकत्त्याने याच कायद्याच्या आधारावर मोडला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. आपला पुरंदर आणि त्यांचं बोस्टन एकाच कंपनीच्या बुडीत खात्यातून निघालेले आहेत.

अमेरिकेत हे लोकांना ठाऊकही होतं. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सन यांनी नोव्हेंबर १७७३ मध्ये टोपणनावाने छापलेल्या पत्रात बंगालमध्ये दुष्काळाने मेलेल्या लाखो लोकांचा दाखला देऊन विचारलं होतं, की आता या कंपनीची नजर अमेरिकेवर आहे का.

गोदाकाठ

मोडीवाचक, फार मोलाची भर. आता माझ्या लेखी सर्वांत मोठी कडी, १७७४ चा उन्हाळा.

चहाची शिक्षा म्हणून आलेल्या कायद्यांपैकी बोस्टन बंदर बंद करणारा कायदा सगळ्यांना माहीत असतो. शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचला तो दुसरा, मॅसॅच्युसेट्स राज्यकारभार कायदा. त्याने सल्लागार मंडळ निवडून न येता राजाकडून नेमलं जाणार, गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच, आणि ज्यूरीची माणसं शेरीफ निवडणार. त्या भागातला शेतकरी उधारीवर जगत असे. कर्जाचा खटला झाला की ज्यूरीत आपल्याच गावचे लोक बसत. आता ती ज्यूरी सरकारी माणसाने निवडलेली असणार, म्हणजे जमीन जायची भीती.

म्हणून त्यांनी कोर्टंच बंद पाडली. ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टन आणि स्प्रिंगफील्ड, मग ६ सप्टेंबरला वुस्टर. तिथे ३७ गावांच्या पथकांतून ४,६२२ माणसं मोजली गेली. ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभी राहिली आणि न्यायाधीश, वकील, शेरीफ यांना टोप्या हातात धरून मधून चालायला लावलं. थोडं चाललं की थांबायचं, नव्या कायद्याखाली काम करणार नाही हा कबुलीजबाब वाचायचा, आणि पुढे. शेवटच्या माणसाला ऐकू जाईपर्यंत तीसहून जास्त वेळा. गोळी सुटली नाही. लेक्सिंग्टनला लढाईला तोंड फुटायच्या सात महिने आधी बोस्टनबाहेरचा इंग्रजी अंमल असा संपला.

ऑक्टोबरमध्ये प्रांतिक काँग्रेस भरली आणि तिने गावोगावच्या करवसुली करणाऱ्यांना सांगितलं की जमा रक्कम राजाच्या खजिनदाराला न देता हेन्री गार्डनर यांच्याकडे भरा. दहा वर्षं चाललेला कराचा वाद इथे तडीस लागला, ताम्रपट. कर भरायला लोकांची ना नव्हती. कोणाच्या तिजोरीत भरायचा ते बदललं.

जमाखर्च

आणि त्याच महिन्यात, २० ऑक्टोबर १७७४ ला, फिलाडेल्फियात बारा वसाहतींच्या काँग्रेसने केलेला करार. १७७० च्या चुकांची दुरुस्ती कलमाकलमात दिसते. सगळ्यांसाठी एकच तारीख: १ डिसेंबर १७७४ पासून आयात बंद. १० सप्टेंबर १७७५ पासून निर्यात बंद, म्हणजे तंबाखूवाल्यांना हातचं पीक विकायला एक हंगाम. राबवणारे व्यापारी नकोत. अकराव्या कलमाप्रमाणे प्रत्येक तालुक्यात, शहरात, गावात मतदारांनी निवडलेली समिती.

डिसेंबर-जानेवारीत माल आलाच तर मालकापुढे तीन वाटा. परत पाठव, नाहीतर स्वतःच्या जबाबदारीवर समितीच्या ताब्यात साठव, नाहीतर समितीला विकू दे. त्यात तुझी मूळ रक्कम तुला आणि नफा बोस्टनच्या गरजूंना. १ फेब्रुवारीनंतर आलेला माल गाठोडं न सोडता परत. मेंढ्या मारू नका, लोकर वाढवा. घोड्यांच्या शर्यती आणि कोंबड्यांच्या झुंजी टाळा. सुतकात काळ्या फितीपलीकडे खर्च नको, अंत्ययात्रेला हातमोजे वाटायची चाल बंद.

एक तडजोड फुटीच्या उंबरठ्यावर झाली: दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी उठून गेल्यावर तांदळाची निर्यात वगळावी लागली. पण परिणाम जबरदस्त. न्यूयॉर्कची ब्रिटनकडून आयात १७७४ मध्ये ४ लाख ३७ हजार पौंड, १७७५ मध्ये १,२२८ पौंड.

ताम्रपट

गोदाकाठ, वुस्टरचा मुद्दा मान्य. फक्त एक बाजू राहू नये. या समित्यांसमोर ज्यांनी सही केली नाही त्यांचं नाव 'देशाचा शत्रू' म्हणून छापलं जाई आणि त्यांच्याशी व्यवहार तुटत. काहींना डांबर फासून पिसं लावली गेली. सुमारे २५ लाख वस्तीत पाच लाखांच्या आसपास गुलाम होते. व्हर्जिनियाचे गव्हर्नर डनमोर यांनी नोव्हेंबर १७७५ मध्ये बंडखोर मालकांच्या गुलामांना फौजेत आल्यास मुक्ती जाहीर केली, आणि तोवर काठावर असलेले तिथले बरेच मळेवाले त्या भीतीने बंडाकडे झुकले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या जेफरसन यांनी लिहिलेल्या मसुद्यातलं गुलामांच्या व्यापाराचं कलम काँग्रेसने काढून टाकलं. मूळ रहिवाशांना 'निर्दय रानटी' म्हणणारं राहिलं. १७६३ च्या घोषणेने ॲपालेशियन पर्वतापलीकडे वस्ती करायला बंदी घातली होती, तेही एक गाऱ्हाणं होतं, आणि त्यात हक्काची बाजू त्या रहिवाशांची होती.

गोदाकाठ

हे सगळं खरं आहे, आणि या धाग्यात ते असायलाच हवं.

शिवार

शेवटचा प्रश्न. भांडण सगळं पार्लमेंटशी. मग ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यातली २७ गाऱ्हाणी राजाविरुद्ध का?

मोडीवाचक

कारण पार्लमेंटचा अधिकार त्यांनी आधीच अमान्य केला होता. उरलेला एकमेव दुवा राजा. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन-कॉनकॉर्डला २७३ इंग्रज सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले, तरी जुलैत काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारला नाही आणि २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर ठरवल्या. डिसेंबरच्या कायद्याने अमेरिकन जहाजं शत्रूची म्हणून जप्तीला पात्र झाली. म्हणजे संरक्षण राजानेच काढून घेतलं. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन यांची पुस्तिका आली, तिने राजा या संस्थेवरच घाव घातला. ती निघाली त्याच सुमारास राजाचं कठोर भाषणही फिलाडेल्फियाला पोहोचलं.

लोकांच्या मनात राजा किती उशिरापर्यंत टिकून होता ते न्यूयॉर्कच्या एका पुतळ्यावरून कळतं. मुद्रांक कायदा रद्द झाल्याच्या कृतज्ञतेने तिथल्या विधानसभेने तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावर बसलेला शिशाचा पुतळा करवून घेतला, वर सोन्याचा मुलामा, आणि १७७० मध्ये बोलिंग ग्रीनवर उभा केला. ९ जुलै १७७६ ला फौजेसमोर जाहीरनामा वाचला आणि त्याच संध्याकाळी जमावाने दोर लावून पुतळा ओढून पाडला. शिसं कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला नेलं, तिथल्या बायका-मुलांनी ते वितळवून ४२,०८८ गोळ्या ओतल्या. पुतळ्याभोवतीचं लोखंडी कुंपण अजून त्याच जागी आहे.